नसीम, तो आकडा मी पाहिला होता

नसीम,

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला रुबीनाचा फोन आला. म्हणाली, "मावशी, अम्मी गेली."

मी विचारलं, "कुठं? जामखेडला?"

पलीकडून आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मी आपली बोलतेच आहे, "अगं, मला तर गुरुवारी ये म्हणाली होती. परत कधी येणारे?" मग तिच्या अब्बांनी, युसूफभाईंनी, फोन घेतला आणि सरळ शब्दांत सांगितलं. मी "बरं" म्हटलं. तू गेल्याचं सांगतायत आणि मी "बरं" म्हणते! कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी राहिले, गॅस बंद केला, आणि तशीच तुझ्याकडे निघाले.

सकाळच्या बॅचला शिकवत होतीस म्हणे. "थांबा जरा," म्हणालीस आणि खुर्चीत बसलीस. समोरच्यांना वाटलं, मॅडम विचार करतायत. तुझी ती सवयच होती, बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. म्हणून पाच मिनिटं कोणी काही बोललंच नाही. माणसं शहाण्यासारखी वाट बघत बसली, आणि तू तेवढ्यात निघून गेलीस.

मी तुझ्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीतले क्लासचे चारही कॉम्प्युटर चालूच होते. आतल्या खोलीत बायका होत्या, मधे तू. तुझ्या अंगावरची चादर कुणीतरी नीट करत होतं. मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण तिथं एवढी माणसं, आणि मला जे बोलायचं होतं ते एवढ्या माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. दुपारच्या नमाजानंतर तुला घेऊन गेले. आम्ही बायका घरातच राहिलो. पुढच्या खोलीत येऊन रुबीना म्हणाली, "मावशी, हे बंद करायचेत का?" मी म्हटलं, "आधी सेव्ह कर." दोघीही चारी मशीनसमोर एकेक करून उभ्या राहिलो. रडायचं ते तेव्हा रडलो.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी आपण भांडलो होतो. फोनवर. तुला आठवत असेल... मी हे वाक्य लिहिलं आणि बघत बसले. आठवायला तू आहेस कुठं?

भांडण नेहमीचंच. मी म्हणत होते, नसीम, आता डेस्कटॉपवरचा डेटाबेस कोणी विचारत नाही. सगळं इंटरनेटवर गेलं. तू अजून ॲक्सेसमध्ये फॉर्म बनवतेस, एका मशीनवर बसवतेस, हे किती दिवस चालणार? आणि तू म्हणालीस, "मधू, तू कंपनीत बसतीस, एसीत. माझ्या खेड्यातल्या दवाखान्यात पावसाचे दोन थेंब पडले की रेंज जाती. पेशंट दारात आणि पडद्यावर गोल गोल चकरी. त्यापेक्षा टेबलावरचं मशीन बरं न्हाई का?" मी म्हटलं, तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, "व्हय, हाय." मग म्हणालीस, मिरजगावच्या दवाखान्याची जुनी यादी नव्या फॉन्टमध्ये आणतेय, सगळ्या नावांचे काना-मात्रे उडालेत, गुरुवारी ये, दोघी मिळून तपासू. मी म्हटलं, "बघू."

मिरजगावची यादी म्हणालीस म्हणून मी "बघू" म्हटलं. ते नाव आलं की मी पंचवीस-सव्वीस वर्षं "बघू" म्हणत आलेय. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

पण आधीचं सांगू दे. चांगलंही पुष्कळ होतं.

कापड बाजारातल्या दुकानाच्या माडीवर आपला फॉक्सप्रो प्रोग्रॅमिंगचा क्लास होता. आठ मुलं आणि आपण दोघी. आपल्या दोघींना मिळून एक मशीन, तेही कोपऱ्यातलं. तू जामखेडहून मामाकडे राहायला आलेली, टेलरची मुलगी. मी शाळेतल्या क्लार्कची. पहिल्याच दिवशी मला म्हणालीस, "तू टाइप कर, मी कागदावर लिहिते. उद्या मी टाइप करीन." सहा महिने आपण तसंच शिकलो. म्हणून आपल्या दोघींनाही कॉम्प्युटर बंद असताना प्रोग्रॅम लिहिता यायचा. मुलांना यायचा नाही.

माझ्या वडिलांना वाटत होतं, पोरगी टायपिंगसारखं काहीतरी शिकतेय. तुझ्या अब्बांना मात्र नेमकं ठाऊक होतं. जामखेडला तुझ्या घरी आले होते मी, तर मशीनवरून मान वर करून मला म्हणाले, "म्हंजे गिऱ्हाइकाचं माप एकदा घ्यायचं आणि दर टायमाला नवीन कपड्याला तेच वापरायचं. हेच ना तुमचं?" इतक्या वर्षांत डेटाबेसचा अर्थ याहून सोप्या शब्दांत मला कोणी सांगितला नाही.

त्यांच्याकडूनच तुझ्यात आलं असणार ते. क्लासनंतर आपण दोघी मिळून प्रोग्रॅमची कामं घ्यायला लागलो; काम मिळालं की मी लगेच माहितीचे तक्ते आखायला बसायची आणि तू माझ्या हातातला पेन काढून घ्यायचीस. "आधी माणूस बघ." वाचनालयाचं काम आलं तेव्हा तू दोन दिवस नुसती ग्रंथपालाच्या शेजारी बसून होतीस. तो वही कशी उघडतो, काय आधी लिहितो, कोणता रकाना रिकामा सोडतो. मला तेव्हा कंटाळा यायचा. पुढे कंपनीत माझं जे कौतुक झालं, "मॅडमचा प्रोग्रॅम कामगारांना शिकवावा लागत नाही," ते तुझ्या त्या दोन दिवसांचं कौतुक होतं. मी ते माझ्या नावावर घेतलं. तेही सांगायचं राहिलंच.

शिंगणापूरला त्या पूजासाहित्याच्या दुकानात आपण मालाच्या यादीचा प्रोग्रॅम बसवला. तू दुकानदाराला म्हणालीस, "काका, पासवर्ड सांगा, काय ठेवायचा?" ते म्हणाले, "कशाला? आमच्या घराला दार न्हाई, आन याला कुलूप?" तू तशीच गंभीर तोंडाने म्हणालीस, "बरोबर हाय." आणि पासवर्डची खिडकीच काढून टाकलीस. बाहेर येऊन मात्र एसटीच्या थांब्यावर आपण पोट धरून हसलो. मी तुला इतकं हसताना नंतर फारसं पाहिलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे.

मिरजगावजवळचा तो धर्मादाय दवाखाना. बाळंतपणाला आसपासच्या गावांतल्या बाया यायच्या. डॉक्टरांनी रक्तदान शिबिरं घेऊन घेऊन हजारो माणसांची नावं जमवली होती. गाव, फोन असला तर फोन, रक्तगट. अडचण आली की रक्त द्यायला कोण येईल त्याची यादी. ती आपण कॉम्प्युटरवर घेतली. तू म्हणाली होतीस, "हे खरं काम. बाकी सगळं पोटासाठी."

त्या यादीत एक चूक होती. दवाखान्यातल्या टायपिस्टने ओ रक्तगट लिहिताना काही ठिकाणी इंग्रजी ओ अक्षराऐवजी शून्य टाइप केलं होतं. दिसायला सारखंच, पण शोधायला गेलं की ती नावं सापडायची नाहीत. ती दुरुस्त करायला आपण दोघी गेलो. सकाळी मी मशीनवर बसले. जिथं जिथं शून्य पॉझिटिव्ह आहे तिथं ओ पॉझिटिव्ह कर, अशी एका ओळीची आज्ञा द्यायची. घरी पाहुणे येणार होते, मला साडेदहाची नगरची गाडी गाठायची होती. मी ती ओळ लिहिली. "जिथं शून्य आहे तिथं" हा तुकडा लिहायचा राहिला. एंटर दाबलं.

पडद्याच्या खालच्या ओळीत किती नोंदी बदलल्या त्याचा आकडा येतो. तीस-चाळीस यायला हवा होता. हजारांत आला.

नसीम, तो आकडा मी पाहिला होता.

पाहिला आणि डोक्यात शिरला नाही. किंवा शिरला, आणि मी पर्स उचलली. आजही मला खात्रीने सांगता येत नाही. तुला हाक मारली, "झालं गं, पुढचं तू घे," आणि बसस्टँडकडे पळाले. दुपारी तू नव्या शिबिराची नावं भरलीस, तशाच आज्ञेने काही गावांची नावं नीट केलीस, शिस्तीने सगळ्याची फ्लॉपीवर कॉपी घेतलीस. चांगल्या कॉपीवर बिघडलेली कॉपी बसली.

आठवड्याने भर दुपारी एक बाई तिथं अडली. रक्त हवं होतं, बी निगेटिव्ह. यादीत बी निगेटिव्ह कोणीच नाही. सगळं गाव, सगळा तालुका ओ पॉझिटिव्ह! माणसं घाईने गोळा केली, तपासली, कुणाचं जुळेना. रक्त देण्याआधी तपासतात म्हणून कुणाला चुकीचं गेलं नाही. शेवटी जीप नगरला पाठवून पिशवी आणली. बाई वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, ते तसंही वाचलं असतं का सांगता येत नाही. त्यांनी ते आपल्याला धीर द्यायला सांगितलं की खरंच तसं होतं, तेही मला माहीत नाही.

आपण दोघी त्यांच्यासमोर उभ्या होतो. मला आकडा आठवला, तिथल्या तिथे. आणि तू माझ्याआधी बोललीस. "डॉक्टर, मधू सकाळीच गेल्ती. दुपारभर मीच बसले हुते. शेवटचा हात माझा हाय."

मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी फरशीकडे बघत राहिले.

मग आपण ती यादी परत केली. तू आणि मी, माझ्या भावाच्या लूनावर, शिबिरांचे जुने कागद घेऊन, गावोगाव. कागद सापडले नाहीत तिथं माणसांनाच गाठून विचारलं. एका म्हाताऱ्याला तू विचारलंस, "आबा, तुमचं रक्त कंचं?" तो म्हणाला, "कंचं म्हंजे? घराण्याचंच हाय." मी हसले. तू हसली नाहीस. त्याला म्हणालीस, "आबा, शिबिरात कार्ड दिलं आसंल, तेवढं बघता का?" आणि तो ट्रंक उपसत होता तेवढा वेळ उन्हात उभी राहिलीस. अकरा दिवस आपण फिरलो. अकरा दिवस तू माझ्या मागे लूनावर बसलेली होतीस, तुझा हात माझ्या खांद्यावर होता. दर दिवशी मी ठरवायची, परत जाताना सांगायचं.

त्याच महिन्यात एमआयडीसीतल्या कंपनीकडून दोघींना बोलावणं आलं. त्यांना डेटाबेसचं काम जाणणारं एक माणूस हवं होतं. आपल्या दोघींत ते काम तुला जास्त येत होतं. हे तुलाही माहीत होतं, मलाही. तू गेलीच नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तू जा. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई राहिला."

मी गेले. नसीम, मी गेले, आणि ते काम मला मिळालं, आणि मी त्यावर घर बांधलं, मुलगा शिकवला, विभागाची प्रमुख झाले.

तू पुढच्या खोलीत क्लास काढलास. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, कामावरून काढलेले टायपिस्ट, दुकानातली मुनीम माणसं, सगळ्यांना शिकवलंस. त्यातली कितीतरी आज कुठे कुठे कामाला आहेत. आणि मिरजगावला दर महिन्याला गेलीस, न बोलावता, ती यादी तपासायला. लोक म्हणायचे, नसीम मॅडमसारखं पक्कं काम कोणाचं नाही. तीन-तीन ठिकाणी कॉपी ठेवतात. मी ते ऐकायची. तुझा तो पक्केपणा कशातून आला होता, ते फक्त मला ठाऊक होतं.

का नाही सांगितलं? आधी नोकरी जाईल म्हणून. मग तू मला सोडशील म्हणून. मग इतकी वर्षं झाली की, आता सांगितलं तर न सांगण्याचाच गुन्हा मोठा, म्हणून. शेवटी शेवटी तर मी स्वतःला समजावलं होतं की तू विसरली असशील.

तिसऱ्या दिवशी, तुझ्यासाठीची जियारतीची प्रार्थना झाल्यावर, मी रुबीनाला सांगितलं. मागच्या अंगणात, ती भांडी विसळत होती तिथं. का तिलाच? तुझ्या कबरीशी जाऊन सांगणं सोपं होतं, तू उलटून बोलली नसतीस. कुणीतरी उलटून बोलायला हवं होतं.

तिने सगळं ऐकलं. नळ चालूच होता. मग तिने विचारलं, "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मावशी, अम्मी माझ्या शाळेच्या फॉर्मवर सही करायच्या आधी तीनदा वाचायची. मग अब्बांना वाचायला लावायची. भाजीत मीठ घातलं की मला विचारायची, घातलं ना गं मी? तू बघितलंस ना? आम्ही हसायचो तिला." तिचा आवाज चढला नाही. "दर वर्षी एक दिवस गप्प बसून राहायची. कोणासाठी, सांगायची नाही. त्या बाळासाठी होतं ना ते?"

मला त्या दिवसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. इतकी जवळची मैत्रीण मी तुझी, आणि मला माहीत नव्हतं.

"एका वाक्यात सोडवता आलं असतं तुम्हाला तिला," रुबीना म्हणाली. "आता कशाला सांगताय? तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"घरी जा मावशी."

मी घरी आले. दोन दिवस काही खाल्लं नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी खाल्लं. ऑफिसलाही गेले. तिथं एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, माझी मैत्रीण गेली. ती म्हणाली, कशा होत्या त्या? आणि मला सांगता येईना. तू कशी होतीस हे मला कसं कळणार, मी तुला तशी राहूच दिलं नाही. माडीवरच्या क्लासमधली नसीम, शिंगणापूरच्या थांब्यावर हसणारी नसीम, तिचं पुढे काय झालं असतं? ती कंपनीत गेली असती, नाहीतर पुण्याला. कदाचित तिने स्वतःची कंपनी काढली असती. कदाचित तिने क्लासच काढला असता, पण हसत.

काल सकाळी रुबीनाचा फोन आला. मला वाटलं, युसूफभाईंना सांगितलं असेल, ते बोलतील. तिने नुसतं विचारलं, "सकाळच्या बॅचची परीक्षा आहे पंधरा दिवसांवर. नऊ जणी आहेत, दोन पुरुष. त्यांना कोण शिकवणार?"

मी म्हटलं, "मी येते."

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"नको करूस."

आज सकाळी गेले. तुझ्या खुर्चीत बसले नाही, उभीच राहिले. अकराही जण वेळेवर आले होते. त्यांतल्या एक पन्नाशीच्या बाई, पिठाची गिरणी चालवतात म्हणे, त्या वही उघडून म्हणाल्या, "मॅडम त्या दिवशी एकदम सगळ्या नोंदी बदलायचं शिकवत हुत्या. तिथंच राहिलं." म्हणजे तेच. जगात शिकवण्यासारखं एवढं असताना तेच तुझं शेवटचं शिकवणं.

मी त्यांना आज्ञा लिहून दाखवली. अट कुठे लिहायची ते दाखवलं. मग अट राहिली तर काय होतं ते सांगायला लागले आणि मग सगळंच सांगितलं. दवाखाना, यादी, साडेदहाची गाडी, तो आकडा. बाळ. माझं नाव घेऊन सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. मला कळलं नव्हतं, पण रुबीना आतल्या दारात येऊन उभी होती.

गिरणीवाल्या बाईंनी विचारलं, "मंग मॅडमना कळलं कधी?"

उत्तर रुबीनाने दिलं, दारातूनच.

"नाही कळलं. माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी निघायच्या बेताने पर्सला हात घातला. रुबीना म्हणाली, "त्यांची परीक्षा आहे. शिकवा पुढं."